फॅशन फोटोच्या पथकात दर्जीची जागा

जाहिरातीत मॉडेल एकच दिसते. कॅमेऱ्यामागे मात्र छायाचित्रकार, साहाय्यक, लाइटवाले, मेकअपवाले, इस्त्रीवाला व दर्जी असे अख्खे पथक राबते. जालना जिल्ह्यातील आपल्या दर्जी बांधवांनी शेवटच्या दोन जागांकडे जरूर पाहावे. हे काम मुख्यतः मुंबईत असते. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघाल्यास सकाळी तेथे पोहोचता येते.

गौतम राजाध्यक्ष (१९५०-२०११) यांच्या उमेदीच्या काळात फिल्म धुतल्यावरच चूक कळे. आता फोटो लगेच पडद्यावर दिसतो आणि चुरगळलेली बाही तिथेच पकडली जाते. कपडा एका मापाचा, मॉडेल दुसऱ्या! मग पाठीमागून पिना, कच्चे टाके. काम संपताच ते उसवून कपडा जसाच्या तसा परत द्यायचा. रेशमावर इस्त्रीचा डाग पडला तर मजुरीवरच गदा येते.

बाहेरच्या कामाला सूर्योदयानंतरचा व सूर्यास्तापूर्वीचा कोवळा प्रकाश लागतो. म्हणून पहाटे हजेरी, दुपारी रिकामपण आणि ऐन मगरिबच्या सुमारास आवराआवरीची घाई. नमाजच्या वेळेचे काम ठरवतानाच बोलून घ्यावे.

खरी अडचण पैशांची. रोज, भाडे, जेवण, मुक्काम, जादा तास, शिवाय प्रवासाचा दिवस धरणार की नाही, हे लेखी घ्यावे. स्वतःच्या दुकानाच्या नावे बिल देणाऱ्याने विनामूल्य होणारी उद्यम नोंदणी आधीच करावी. २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा लघुउद्योगाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात; पुढे व्याज चढते. रोजंदारीवर गेलेल्याला मात्र हा कायदा लागू नाही.