ठेका पोरांचा, निरोप तब्येतीचा

गाणं आणि गाव : लेखांक ६

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॉ. ओलाजिदे विल्यम्स या मेंदूविकारतज्ज्ञांनी एक वेगळाच उद्योग केला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना पक्षाघाताचा धोका गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट, आणि पेशंट दवाखान्यात पोचेपर्यंत मोलाचे तास निघून गेलेले असतात. डॉक्टरांनी डग ई. फ्रेश या नामांकित रॅपरला हाताशी धरलं. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं ही लक्षणं हिप-हॉपच्या ठेक्यात बसवली आणि शाळकरी पोरांना शिकवली. हिशेब सरळ होता. पोरगं घरी जाऊन गुणगुणणार, आजीच्या कानावर पडणार आणि प्रसंग आला तर रुग्णवाहिकेला फोनही तेच लावणार.

कृष्णाकाठच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

सत्यशोधक जलशांनी हे शंभर वर्षांपूर्वीच करून दाखवलं होतं. तमाशाचा बाज तसाच ठेवायचा. ढोलकी, तुणतुणं, सोंगाड्या सगळं जागच्या जागी, पण बतावणीत सावकार, भट आणि दारू यांची खरडपट्टी काढायची. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे (जन्म १९२०) याच मातीतले. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात ते तयार झाले, पुढे मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात गेले. तिथल्या त्यांच्या सुरुवातीच्या रचनांमध्ये एक गाणं चक्क मच्छरांवरचं होतं. त्यांच्या १९४४ सालच्या लाल बावटा कलापथकाची ख्याती सर्वांना ठाऊक आहे; या मच्छरांची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. डास, गटार आणि चाळीतली झोपमोड हे विषय गाण्याच्या लायकीचे आहेत, हे त्या तरुण पोराला कुणा आरोग्य खात्याने सांगितलं नव्हतं.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मुळात मैदानावरचे. कबड्डीसाठी शिवछत्रपती पुरस्कार मिळालेल्या या डॉक्टरांना पोरांची भाषा कळत होती. त्यांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं आणि व्यसनाचा प्रश्न अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवरही आणला. ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ ही समितीची घोषणा आता अनेक गावांना परिचयाची आहे. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी चौकात मसाला दुधाचं पातेलं मांडायचं, बाजूला डफ वाजवत पोरं-पोरी गात राहणार, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातात वाफाळता कागदी पेला. बाटली आणायला निघालेला गडीही चार घोट घ्यायला थांबतोच. मग गाण्यातली टिंगल त्याला ऐकून घ्यावी लागते. व्याख्यानाला तो कधीच आला नसता.

२०१३ मध्ये दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर नाट्यदिग्दर्शक अतुल पेठे यांनी समितीच्या कार्यकर्त्यांना रिंगणनाट्याचं प्रशिक्षण दिलं. नाव वारीतल्या रिंगणावरून घेतलेलं. ना पडदा, ना माईक. गोल उभं राहायचं आणि सुरू करायचं.

या गोष्टींत स्थानिक तपशील फार महत्त्वाचा असतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करताना आढळले, पण त्यात सिगारेट-विडी ओढणारे अगदी थोडे. बाकी सगळा कारभार तळहातावरच्या चुन्याचा, पुडीचा आणि मिश्रीचा. सिगारेटच्या धुरावरची मुंबईची जाहिरात इथल्या आईला लागू होत नाही, कारण ती रोज सकाळी चुलीपाशी मिश्री लावते आणि त्याला व्यसन म्हणतच नाही. तिच्या घरातल्या पोरीने शाळेच्या नाटुकलीत मिश्रीची डबी हातात घेतली, तर गोष्ट वेगळी.

आता उलटी बाजू. पोरांचं आजचं वाद्य डफ नाही, डॉल्बी आहे. विश्वास नांगरे-पाटील (मूळचे शिराळा तालुक्यातल्या कोकरूडचे) कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक असताना डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाची मोहीम निघाली. सातारा आणि सांगली त्याच परिक्षेत्रात येतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने १०० डेसिबल आवाज आठवड्यातून जेमतेम २० मिनिटं ऐकणं कानाला परवडतं, आणि आपल्या मिरवणुका तासन् तास चालतात. ज्या मंडळाच्या पोरांनी रक्तदानासाठी रांगा लावायच्या, त्याच पोरांचे कान विसर्जनाच्या रात्री बधिर व्हायचे. काही मंडळं झांजपथक आणि लेझमीकडे वळली. लेझीम खेळताना घामही निघतो, ट्रॉलीमागे उभं राहून तो निघत नाही. पण नुसती बंदी घालून भागत नाही. विसाव्या वर्षी छातीत धडधडणारा बास हवाच असतो, आणि ही गरज मान्य करूनच बोलणी करावी लागतात.

पुढच्या आठवड्यात माण तालुक्यात जायचं आहे, म्हसवडला. तिथे २००८ पासून ‘माणदेशी तरंग’ हा सामुदायिक रेडिओ चालतो.