मूठ आवळली की कळ येते तेव्हा

एक छोटा प्रयोग करून पाहा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा मांसल भाग धरा आणि उजव्या हाताची बोटं तबला वाजवल्यासारखी हलवा. हालचाल बोटांची, पण वळवळ जाणवते ती कोपराखाली. कारण बोटांना स्वतःचे स्नायू नसतातच. त्यांना ओढणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात आणि तिथून लांब दोऱ्या बोटांपर्यंत गेलेल्या असतात. कळसूत्री बाहुलीचाच प्रकार. या दोऱ्यांना शरीरशास्त्राच्या पुस्तकात कंडरा म्हणतात. आपण श्रीगोंद्याकडे सरसकट ‘शीर’ म्हणतो.

आयुष्यभर शाळेत कवायत शिकवूनही हे मला नीट कळलं ते निवृत्तीनंतर, हात दुखायला लागल्यावर. आमच्याकडची मुलं पोलीस भरतीच्या तयारीला लागली होती. भरतीच्या मैदानी परीक्षेत ५० पैकी १५ गुण गोळाफेकीचे. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. लष्कराची भरती असेल तर बीमला लोंबकळून पुलअप्स काढायचे. त्यांना सोबत म्हणून मीही जिममध्ये जाऊ लागलो. दोन महिन्यांत रॉडवरचं वजन ४० किलोवरून ७० वर नेलं. दंड भरले, छाती फुगली. आणि एके सकाळी चहाचा कप उचलता येईना. कोपराच्या बाहेरच्या अंगाने अशी कळ आली, की कप बशीत आदळला.

पहिला उपाय आपण सगळे करतो तोच मी केला. एका जाणत्याकडून तेल लावून हात चोळून, ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी दुखणं दुप्पट. मग जिम बंद केलं. तीन आठवडे एका वजनाला हात लावला नाही, तरी कळ जागच्या जागी. शेवटी नगरला एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्या बाईंनी हात तपासायच्या आधी विचारलं, ‘‘सर, सकाळी उठल्यापासून हातांनी काय काय करता, ते सांगा.’’ मी सांगत गेलो: दोन गाई, सकाळ-संध्याकाळ धार. आठवड्यातून एकदा लिंबाला औषध, म्हणजे पाठीवरचा पंप आणि हाताने दांडा मारणं. तोडणी असली की लिंबाचे क्रेट. त्या हसून म्हणाल्या, ‘‘जिम सोडलंत, पण मूठ कुठे सोडलीत?’’

घरी येऊन हे सांगितलं, तर सौभाग्यवती म्हणाली, ‘‘अहो, माझा हात दहा वर्षं दुखतोय. मी कुठली वजनं उचलायला जाते?’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतकी वर्षं धार बहुतेक तीच काढत आली होती.

आता हे दुखतं का ते सांगतो. मूठ आवळताना काम आतल्या बाजूच्या स्नायूंचं, असं आपल्याला वाटतं. पण मनगट किंचित मागे रोखून धरल्याशिवाय मूठ घट्ट होत नाही आणि ते रोखण्याचं काम बाहेरच्या बाजूचे स्नायू करतात. ते सगळे कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या छोट्याशा उंचवट्यावर एकवटलेले. म्हणून पकड हाताची आणि कळ कोपराला. मनगट आत मुडपून वजन उचललं, पुलअप्स फार काढले, की हाच प्रकार आतल्या बाजूलाही होतो.

यात खरी मेख अशी, की स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरेला मात्र महिने लागतात. तिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तिची दुरुस्ती सावकाश. दंड म्हणतो आणखी १० किलो घाल; दोरी तयार नसते. तिचे धागे विसकटत जातात. जुनं झालेलं हे दुखणं केवळ सूज नसते, म्हणूनच गोळी घेतली की दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच.

सचिन तेंडुलकरला २००४ साली हे दुखणं झालं, २००५ च्या मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा ‘टेनिस एल्बो’ हा शब्द आपल्या घरोघरी पोचला. त्यामुळे लोकांना वाटतं, आता ऑपरेशनच. तसं नाही. बहुतेकांचं दुखणं चाकूशिवाय, वर्षाच्या आत-बाहेर बरं होतं. इंजेक्शनाचीही घाई नको. २००६ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांना पहिले काही आठवडे झकास आराम पडला, पण पुढे त्यांचंच दुखणं जास्त उलटलं.

मला सांगितलेला व्यायाम अगदी साधा. खुर्चीत बसायचं, कोपराखालचा हात टेबलावर, पंजा काठाबाहेर, तळवा जमिनीकडे. हातात पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली. पंजा दुसऱ्या हाताने वर उचलायचा आणि चार-पाच सेकंद घेत सावकाश खाली सोडायचा. असे १५, दिवसातून तीन वेळा. झेपलं की लिटरची बाटली. पूर्ण विश्रांती नाही आणि दात-ओठ खाऊन रेटणंही नाही. दुखणं किती चालेल याचं माप मी मुलांना आण्यांत सांगतो: रुपयातले चार-पाच आणे दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शांत झालं, तर चालेल. आठ आण्यांवर गेलं, की त्या दिवशी वजन कमी करा.

जिममध्ये मनगट सरळ ठेवा. पुलअप्स, डेडलिफ्ट आणि कर्ल ही तिन्ही पकडीची कामं एकाच दिवशी नकोत. आणि सकाळी धार काढून, दुपारी पंप मारून संध्याकाळी जिमला येणाऱ्या पोराने तेही सेट मोजावेत. धार काढताना अंगठा मुडपण्यापेक्षा पूर्ण मुठीने काढली, तर गाईच्या सडालाही बरं आणि अंगठ्यालाही.

मुलं मला सांगलीच्या संकेत सरगरचं उदाहरण देतात. ३० जुलै २०२२, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो गट. १३९ किलो उचलताना उजवं कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला. एकूण २४८ किलो, रौप्यपदक. सुवर्ण एका किलोने हुकलं. ‘‘सर, तो थांबला का?’’ मी म्हणतो, बाबांनो, त्याच्यापुढे देशाचं पदक होतं, तुमच्यापुढे मंगळवारचा सराव आहे. शिवाय त्याची ती एका क्षणात झालेली दुखापत. आपण बोलतोय ते हळूहळू चढणारं दुखणं. दोन्हींना एकच औषध नाही.

काही दुखणी मात्र बाटलीवर सोडू नका. उचलताना ‘फट्’ आवाज होऊन हात काळानिळा पडला, करंगळीला किंवा रात्री अंगठ्याला मुंग्या येऊ लागल्या, हातातून वस्तू निसटू लागली, तर डॉक्टर गाठा. जबर व्यायामानंतर हात टणक सुजला आणि लघवी चहासारखी झाली, तर त्याच दिवशी. आणि चाळिशी उलटलेल्याचा हात दुखताना छातीत जड वाटून घाम फुटला, तर तो व्यायामाचा हात समजू नका, तडक दवाखाना.

माझा हात सुधारायला चार महिने लागले. आता ५० किलोवर आहे, घाई नाही. सकाळची धार मी काढतो, संध्याकाळची मुलगा. सौभाग्यवती दुपारी टेबलाशी बाटली घेऊन बसते. सहा आठवड्यांत तिची कळ बारा आण्यांवरून पाच आण्यांवर आली आहे. लिंबाचे क्रेट उचलू नकोस, असं मी तिला रोज सांगतो. ती ऐकते, असं नाही.