सेवा आणि स्वावलंबन

घरांतील वडीलधाऱ्या माणसास पक्षाघाताचा झटका आला, कीं आपल्या एकत्र कुटुंबांत सेवेची अहमहमिका लागते. सून घास भरविते, नातू सदरा घालतो. रुग्णानें पेल्याकडे हात न्यावा, तोंच पेला त्याच्या ओठांशीं येतो. ही माया वंदनीय खरी. पण ती नेहमीं हितकारक असतेच असें आम्हांस वाटत नाहीं.

मेंदूचा रक्तपुरवठा एकाएकीं खंडित झाला अथवा तेथील रक्तवाहिनी फुटली, म्हणजे हा विकार होतो. तोंड वांकडें होणें, हात लुळा पडणें, जीभ अडखळणें हीं लक्षणें दिसतांच तत्काळ इस्पितळ गांठावें. प्राण वांचले, कीं पुढील तपश्चर्या मात्र बहुतांशीं घरींच करावयाची असते.

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजांतील अध्यापक व कवि पेद्रो बाख-इ-रीता यांस 1959 सालीं पक्षाघात झाला. अर्धें अंग गेलें, वाचाही गेली. त्यांचा मुलगा जॉर्ज मेक्सिकोंत वैद्यक शिकत होता; त्यानें त्यांस आपल्याकडे नेलें. चार आठवड्यांच्या इस्पितळांतील उपचारांनीं गुण येईना, तेव्हां त्यानें वडिलांस लहान मुलाप्रमाणें आधीं रांगावयास लाविलें. दुर्बळ खांदा भिंतीस टेकून ते कित्येक महिने रांगले. विद्वानाची ही अवस्था शेजाऱ्यांस अशोभनीय वाटे. जॉर्ज डगमगला नाहीं. जमिनीवर गोट्या खेळावयाच्या. चांगल्या हातानें पातेलें धरून लुळा हात त्यांत पाव तास एका दिशेनें व पाव तास उलट दिशेनें फिरवावयाचा, असा नित्यक्रम चाले. वर्षभरानें पेद्रो पुनः शिकवूं लागले!

1965 सालीं कोलंबियांत डोंगर चढतांना हृदयविकारानें त्यांचा अंत झाला. शवविच्छेदनांत दिसून आलें, कीं मेंदूकडून पाठीच्या कण्याकडे जाणारे शेकडा 97 ज्ञानतंतू नष्ट झालेले होते आणि ते कधींच भरून आले नव्हते. उरलेल्या अल्प सामग्रीवर मेंदूनें नवी घडी बसविली होती. त्यांचे दुसरे पुत्र पॉल यांनीं पुढें मेंदूच्या याच शक्तीच्या संशोधनास वाहून घेतलें.

सर्वांसच इतकें यश येईल असें नव्हे. तथापि ‘अभ्यास’ या शब्दाचा मूळ अर्थच एखादी गोष्ट पुनःपुनः करणें असा आहे, आणि मेंदूस तोच मानवतो. म्हणून तज्ज्ञांच्या सल्ल्यानें, पडण्याचें भय राहणार नाहीं अशा बेतानें, रुग्णास त्याचें काम त्यालाच करूं द्यावें. सदऱ्याची गुंडी लावण्यास अर्धा तास लागला तरी लागूं द्यावा. घरखर्चाचा हिशेब त्यास विचारावा. शब्द आठवेना तर तो चटकन् पुरवूं नये, थांबावें.

भरविणें सोपें असतें. हात आवरून जवळ बसणें कठीण. आमच्या मतें तीच खरी सेवा होय.