कार्बोरेटर फेकू नका!

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. नव्या चकाचक गाड्यांच्या रांगेत एखादी आरएक्स १००, एखादी जुनी येझदी नाहीतर काकांकडून आलेली बुलेट दिसतेच. आरएक्स १०० आणि जुनी येझदी, दोन्हींचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. म्हणजे या गाड्या आपल्यातल्या बहुतेकांपेक्षा वयाने मोठ्या! एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपारच झाला. त्यामुळे तो नीट उघडून दुरुस्त करणारे हातही कमी होत चाललेत. गॅरेजमध्ये गेलं की एकच उत्तर मिळतं, "नवीन टाकून घ्या."

माझ्या आजोबांच्या बुलेटच्या बाबतीत हेच झालं. बऱ्याच वर्षांनी कार्बोरेटर उघडला, तर आत पांढरी पावडर, हिरवे पडलेले जेट आणि तळाशी डिंकासारखा थर. मेकॅनिक काका म्हणाले, भंगारात द्या. पण बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नकली कार्बोरेटरवर गाडी धड ट्यून होत नाही, आणि ओरिजिनल बॉडी एकदा गेली की गेली. म्हणून मी नाद सोडला नाही. त्यातून जो एक नियम हाती लागला तो असा: धरून ठेवणारा भाग दुरुस्त करा, मोजणारा भाग बदला.

हे असं का?

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण बर्नोली घोकतो. कार्बोरेटर म्हणजे तोच बर्नोली! हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या भोकातून वर ओढलं जातं. वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हे गणित ते बारीक भोक सांभाळतं. आता समजा, १ मिमीचं भोक तारेने खरवडून १.०५ मिमी झालं. व्यास फक्त ५ टक्के वाढला, पण क्षेत्रफळ १० टक्क्यांनी! गाडी धूर ओकायला लागते. उलट भोक अर्धवट तुंबलं तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. म्हणून जेटमध्ये स्टीलची तार किंवा सुई कधीच घालायची नाही. आधी कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, मग हवेचा प्रेशर मारा. फारच झालं तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार वापरा, तांबं पितळेपेक्षा मऊ असतं. तरीही जेट खराब असेल तर सरळ बदला. टोकाला गोल खाच पडलेली फ्लोट निडल आणि झिजलेली जेट निडल यांनाही हाच न्याय.

बॉडी कशी वाचवायची?

अडकलेला जेट: जोर लावलात तर खाच तुटेल. बॉडी झिंक किंवा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते, जेट पितळेचा. गरम केल्यावर बॉडी पितळेपेक्षा जास्त प्रसरण पावते आणि पकड सुटते. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, मग बॉडी उकळत्या पाण्यात धरा आणि खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर लावा. ब्लो लॅम्प मात्र नको. झिंकची मिश्रधातू ४०० अंशांच्या आतच वितळते!

पांढरी पावडर: हा बॉडीचा गंज. आधी नायलॉनच्या ब्रशने काढा. व्हिनेगरने तो विरघळतो, पण ते झिंकलाही खातं. म्हणून काही मिनिटंच ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा.

तुटलेला फ्लोटचा खांब: जाम झालेली फ्लोट पिन ठोकून काढताना हे हमखास होतं. तुकडा जपून ठेवा. दोन्ही बाजूंना १ मिमीचं भोक पाडून आत पितळेच्या तारेची खुंटी घाला आणि पेट्रोलला टिकणाऱ्या इपॉक्सीने जोडा. साधं इपॉक्सी पेट्रोलमध्ये मऊ पडू शकतं, तेव्हा पाकिटावर वाचून घ्या.

गळका पितळी फ्लोट: गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे भोक दाखवून देतात. आतलं पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावरच सोल्डर करा, आणि तेही थेंबभर. फ्लोट जड झाला की पेट्रोलची पातळी बदलते. तिथे ज्योत अजिबात नको.

वाकलेला फ्लँज: बोल्ट अति आवळल्याने होतो. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून हळूहळू सपाट घासा, नाहीतर तिथून हवा शिरते.

हे सगळं हॉस्टेलच्या रूममध्ये करू नका, ही कळकळीची विनंती! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, आणि शेजारच्या रूममध्ये कोणाची तरी मॅगीची शेगडी चालूच असते. मोकळ्या जागेत बसा. गाडी सुरू करायच्या आधी तासभर पेट्रोल सोडून ठेवा आणि कुठे गळत नाही ना ते बघा.

शेवटी, सुट्टीला जाण्याआधी एवढं कराच. आपल्याकडे २०२५ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर पोहोचलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ते पाणी वाटीत साचून बॉडी खातं. म्हणून घरी निघताना पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. दोन-तीन मिनिटांचं काम, पण वर दिलेली निम्मी दुरुस्ती त्यामुळे करावीच लागणार नाही!