सोने तांबडे केव्हा होते?

सोने पिवळे असते हे लहान मुलालाही ठाऊक आहे. त्याचे दागिने घडवा, तार ओढा, कानशीने चूर करा. रंग जात नाही, गुणही बदलत नाही. परंतु हा चुरा आणखी बारीक, अगदी कल्पनेपलीकडे बारीक करीत गेलो, तर काय होईल? एक पायरी अशी येते की तेथे सोने पिवळेपणा टाकून माणकासारखे तांबडे दिसू लागते.

ही पायरी नॅनोमीटरची. मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. सोन्याचे वीस-तीस नॅनोमीटरचे कण पाण्यात विखुरले की पाणी तांबडे होते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली लंडन येथे असा द्रव तयार केला आणि त्यात सोनेच सूक्ष्म कणरूपाने आहे, असे प्रतिपादन केले. याचे कारण असे: एवढ्याशा कणातील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरींबरोबर एकदमच डोलू लागतात व हिरवा प्रकाश शोषून घेतात. उरतो तो तांबडा. १९०८ साली गुस्ताव्ह मी यांनी याचे गणित मांडले.

मग याचा उपयोग काय? गर्भधारणेची घरगुती चाचणी घ्या. अशा अनेक पट्ट्यांवर उमटणारी तांबडी रेघ सोन्याचीच असते. कणांवर प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. लघवीत गर्भधारणेचे संप्रेरक असेल तर ते कणांना बिलगते. पट्टीवर ठराविक जागी दुसरी प्रतिपिंडे पक्की बसवलेली असतात. ती या संप्रेरकाला पकडतात आणि त्याबरोबर कणही तेथेच अडकतात. कण साचले की रेघ दिसते. २०२० नंतर कोरोनाच्या अनेक झटपट चाचण्यांतही हीच युक्ती वापरली गेली.

आता कारखान्याकडे वळू. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग अवघा सहा चौरस सेंटिमीटर. त्याचे नॅनोमीटरभर बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होतो! रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडते. म्हणूनच कशाशीही सहसा संयोग न पावणारे सोने, सूक्ष्म होताच विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कडाक्याच्या थंडीतही ज्वलन घडवून आणते. जपानच्या मासाताके हारुता यांनी १९८७ साली हे प्रसिद्ध केले.

यातूनच एक सावधगिरी निघते. आकार हाही पदार्थाचा एक गुण ठरत असेल, तर ‘सोने निरुपद्रवी, म्हणून त्याचा कणही निरुपद्रवी’ हा तर्क टिकत नाही. पट्टीवरचा कण शरीराबाहेरच राहतो. औषध म्हणून रक्तात सोडायचा कण मात्र कोठे जातो, कोठे साठतो, हे प्रत्येक आकारासाठी नव्याने तपासावे लागते. नाव ओळखीचे आहे एवढ्यावर विसंबून ही तपासणी टाळता येणार नाही.