पहिल्या नंबरात चौतीस गाडे

यंदा चैत्रात गावच्या यात्रेचा फ्लेक्स पाहिला आणि डोकं फिरलं. खंडोबाचा फोटो वरच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. खाली हात जोडलेले सहा पुढारी. आणि मधोमध, देवाच्या जागी म्हणावं असा, लालभडक ट्रॅक्टर. प्रथम क्रमांक, एक ट्रॅक्टर. माझ्या चुलतभावाचा गाडा त्या यात्रेत पळालाच नाही, कारण त्याला टोकन मिळालं नाही. नोंदणी फोनवर होती. सकाळी दहाला सुरू झाली, सव्वादहाला संपली. पालखी ज्याच्या ओट्यावर टेकते त्याचा गाडा घरी, आणि तीन तालुके ओलांडून पिकअपमधून आलेले बैल घाटात. भाऊ काही बोलला नाही. बैलांपुढे वैरण टाकून तो यात्रेत भजी खायला गेला. मला मात्र राहवलं नाही, म्हणून हा मागोवा.

शहरातल्या वाचकासाठी आधी एक सांगतो. 'बैलगाडा शर्यत' म्हटलं की डोळ्यांपुढे येतात शेजारीशेजारी उधळलेल्या जोड्या. साताऱ्याकडे तसं असतं: चाकोऱ्या आखायच्या, मग गट, सेमी, फायनल. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं मैदान त्यासाठी नावाजलेलं. सांगली-कोल्हापुरात आरत-परत, म्हणजे जाऊन वळून यायचं. विदर्भात शंकरपट, त्यात तळेगाव दशासरचा मान मोठा. आमच्या खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळात यातलं काहीच नाही. आमच्याकडे घाट असतो. चढाची, दोन्ही बाजूंनी माणसांनी भरलेली एक पट्टी. एका वेळी एकच गाडा. गाड्याला दोन बैल, त्यांच्यापुढे जुकाटाला दोन, आणि सगळ्यांच्या पुढे घोडी. गाड्यावर हाकणारा माणूसच नसतो. घोडीवाला पुढे निघाला की बैल त्या घोडीमागे स्वतःहून सुटतात. स्पर्धा असते ती घड्याळाशी. या एका धावेला आम्ही 'बारी' म्हणतो.

आजोबांच्या काळाबद्दल मी लिहिणार नाही. त्या काळातले बैल हत्तीएवढे होते असं मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि दर वर्षी ते थोडे वाढतात. सत्तरचं, ऐंशीचं दशकही सोडून देतो. मला सांगायचं आहे ते नव्वदच्या दशकाचं, कारण तेव्हा मी घाटाच्या माथ्यावर बैल धरायला उभा असायचो.

तेव्हा डिंभ्याच्या कालव्याचं पाणी शिवारात यायला लागलं होतं, ऊस वाढत होता, पण आमच्या वाडीत ट्रॅक्टर एकच आणि तोही बहुतेक वेळा बंद. नांगर बैलाचा, पाभर बैलाची. पळणारा बैल म्हणजे आठवडाभर कुळव ओढलेलाच बैल. यात्रा महिन्यावर आली की त्याला कामातून मोकळं करायचं आणि खुराक चालू करायचा: उडीद, कणकेचे गोळे, दूध, अंडी. चुलती गोठ्याकडे तोंड करून म्हणायची, "पोरांना ताक अन् ह्याला दूध." आणि यात्रेच्या सकाळी तीच ताट घेऊन त्याला ओवाळायला सगळ्यांच्या आधी उभी.

चार बैल आणि घोडी एका घरात असणं आमच्याकडच्या कुणालाच परवडणारं नव्हतं. आमच्या घरचे, म्हणजे तात्यांचे, दोन बैल, जुकाटाचा एक मामांच्या गावचा, एक पलीकडच्या आळीतला, घोडी तिसऱ्याच गावाहून यायची. पेरणीला जसा पैरा, म्हणजे एकमेकांचे बैल घेऊन काम उरकणं, तसाच घाटात पैरा. त्यामुळे एक गाडा पुकारायचा तर निवेदकाला चार घरांची नावं घ्यावी लागत, आणि त्यातलं एखादं राहिलं तर माणूस जुंपणी सोडून स्पीकरच्या टेबलाशी भांडायला यायचा. वर्षभर बांधाच्या कोर्टकचेऱ्या करणारे दोन चुलते गाड्यासाठी मात्र एका जुवाला हात लावताना मी पाहिलेत.

आता नंबराचं गणित. घाटात 'पहिला' कोणी एक नसायचा. यात्रा कमिटी सेकंद ठरवायची. अमुक सेकंदांच्या आत वर पोचलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात, त्यापुढचे दुसऱ्या नंबरात, मग तिसरा. बक्षिसाची रक्कम त्या नंबरातल्या सगळ्यांत सारखी वाटायची. सगळ्यात कमी वेळात गेलेल्याला 'घाटाचा राजा' म्हणून वेगळा मान, पण रोख रकमेचे वाटे पडायचे. १९९६ सालच्या आमच्या यात्रेत पहिल्या नंबराला ५१,००० रुपये होते आणि त्या नंबरात चौतीस गाडे गेले. गाड्याला दीड हजार, त्याचे पुन्हा चार घरांत चार वाटे. खुराकाचा खर्चसुद्धा निघाला नाही. पण त्या संध्याकाळी चौतीस गाड्यांपुढे हलगी वाजत होती. चौतीस गुणिले चार घरं धरा, म्हणजे पंचक्रोशीत पहिला नंबर न आलेलं घर शोधावं लागलं असतं.

त्या शोधावं लागणाऱ्या घरांत आमचं एक होतं. ती बारी मी अजून विसरलेलो नाही. मी वर उभा. खाली जुंपणी चाललेली दिसत नव्हती, नुसता माणसांचा गोळा दिसत होता. स्पीकरवर 'उचल की टाक' चाललेलं. मग गोळा फाटला आणि त्यातून आधी घोडी निघाली, तिच्यामागे पांढरी रेघ. चार खिलार एका ओळीत आले की लांबून बैल दिसत नाहीत, रेघच दिसते. टाळू भरेल एवढा भंडारा उडाला. जवळ येताना आवाज गाड्याच्या चाकांचा नव्हता, बैलांच्या श्वासाचा होता. रेषा ओलांडून ते माझ्या अंगावर आले आणि मी कासऱ्याला हात घातला. तळहाताची साल निघाली ते मला रात्री कळलं. मला खात्री होती, बारा सेकंदांत आहे.

स्पीकर म्हणाला, "तेरा सेकंद, दोन पॉइंट." त्या वर्षीची हद्द तेराची होती.

घड्याळावर गुरुजी होते. गावातलं एकमेव स्टॉपवॉच शाळेच्या क्रीडासाहित्यात होतं, त्यामुळे ते चालवण्याचा हक्कही आपोआप गुरुजींचा. तात्या त्यांना म्हणाले, तुमचं लक्ष घोडीकडे होतं, बटण उशिरा दाबलं. गुरुजी म्हणाले, मी पोरांचे पेपर तपासतो, मला शिकवू नका. दुसऱ्या नंबराला ४१,००० होते, त्यात अठ्ठावन्न गाडे. आमच्या गाड्याला सातशे सहा रुपये आले. तात्यांनी ते घेतले, पण पुढे सहा वर्षं गुरुजींना रामराम घातला नाही. मी तर त्यांच्याच वर्गात शिकलेलो. मी अजून धरून आहे.

या दशकाची नुसती आरती ओवाळणार नाही. पराणीच्या टोकाला खिळा असायचा, मी पाहिलाय. शॉक द्यायला खिशात बॅटरी घेऊन येणारा एक गाडामालक होता, साऱ्या घाटाला माहीत होतं. जुंपताना अडणाऱ्या बैलाची शेपटी दातांत धरणारे होते. त्यांना कोणी बोललं नाही, कारण त्यांचे गाडे पहिल्या नंबरात जायचे. आमचे तात्या रात्री घरी येऊन त्यांना शिव्या द्यायचे आणि सकाळी त्यांच्याच घोडीसाठी आर्जव करायचे. पुढे शर्यतबंदीच्या खटल्यात न्यायालयात जे फोटो दाखवले गेले ते खोटे आहेत असं ओरडणाऱ्यांत मी नव्हतो, त्याचं कारण हे.

दोन हजारनंतरची दहा वर्षं मला कंटाळवाणी वाटतात. चाकणला कारखाने आले, जमिनी विकल्या गेल्या, आणि गुंठ्यांचा पैसा गोठ्यात शिरला. पळणारा बैल औताला जाईना. गोठ्यात पंखे लागले. बैलाचं नाव घरातल्या पोरांच्या नावाआधी सांगणारी पिढी आली. तेवढंच.

मग ११ जुलै २०११. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने, तेव्हा जयराम रमेश मंत्री होते, एक अधिसूचना काढली. ज्या प्राण्यांचे खेळ करायचे नाहीत त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंहाच्या शेजारी बैल जाऊन बसला. आमच्याकडे उसात बिबट्या राहतो. तो रात्री गोठ्यात येऊन कालवड नेतो. दिल्लीतल्या कुणाला तरी तो आणि आमचा बैल एका पंगतीचे वाटले. २०१२ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली आणि ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर आमच्या शर्यतीही बंद केल्या. बैलाची शरीररचना पळण्यासाठी नाही, हा त्यातला एक मुद्दा. तो ऐकून चुलती म्हणाली, "मग खुंटा उपटून पळतो तेव्हा त्याला कोण सांगतं?"

पुढच्या वर्षी मार्चमध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा आला. दोन्ही निर्णय आपापल्या जागी कोणाला योग्य वाटोत, पण आमच्या गोठ्यात ते एकत्र उभे राहिले. पळवता येत नाही, म्हातारा झाल्यावर विकता येत नाही, आणि शेतात तर ट्रॅक्टर. गाय व्यायली आणि गोऱ्हा झाला की घरात सुतक आल्यासारखी शांतता. तात्यांनी धुरेचे, म्हणजे गाड्याला जुंपायचे, दोन्ही बैल त्याच काळात बाजार दाखवून आणले, कोणी विचारलं नाही, म्हणून एका नातेवाइकाला नुसतेच दिले. घोडी आधीच एका लग्नाच्या बँडवाल्याकडे गेली होती.

पुढाऱ्यांचं मात्र त्या वर्षांत बरं चाललं होतं. २०१६ च्या जानेवारीत केंद्राने बंदी शिथिल केली, ती सूट पाच दिवसांत न्यायालयाने थांबवली. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी पोरं बसली आणि तमिळनाडूने कायदा बदलून घेतला. मग एप्रिलमध्ये आपल्या विधिमंडळालाही जाग आली, कायदा झाला, आणि ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तोही रोखला. दर निवडणुकीत बैल भाषणात पळायचा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या झरे इथे गोपीचंद पडळकरांनी बंदी मोडून शर्यत जाहीर केली. पोलिसांनी धावपट्टी उखडली, तर उजाडायच्या आत दुसऱ्याच माळावर गाड्या पळाल्या. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. वर्षारंभी लांडेवाडीला ठरलेल्या शर्यती करोनामुळे आदल्या दिवशी रद्द झाल्या. फेब्रुवारीत निमगाव दावडीच्या घाटात खासदार अमोल कोल्हे यांनी निवडणुकीत दिलेला शब्द पाळून बारीपुढे घोडी धरली. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. आता चाबूक नको, शॉक नको, पशुवैद्य हवा, अंतर हजार मीटरच्या आत, मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. हे सगळं मला मान्य आहे. खिळा गेला असेल तर चांगलंच झालं.

माझं दुखणं वेगळं आहे. २०२२ च्या मे महिन्यात चिखलीला जी शर्यत भरली तिचं पहिलं बक्षीस जेसीबी होतं. दुसऱ्या वर्षी सांगलीकडे थार गाडी लागली. जेसीबीचे वाटे पडत नाहीत. थारची चार चाकं चार घरांत वाटून घेता येत नाहीत. ट्रॅक्टर एकाच्याच दारात उभा राहतो. म्हणून आमच्याकडच्या यात्रांतही आता फायनल आली, पैरा राहिला नावापुरता, आणि 'जुगलबंदी' म्हणून जी दोन नावं पुकारतात त्यांची भागीदारी आधी कागदावर होते. बैलांच्या किमती लाखांत सांगतात. मी त्या छापत नाही, कारण सांगणारा दर वेळी वेगळा आकडा सांगतो. बकासूरसारख्या बैलाला तर नटासारखी गर्दी. बैलाचा मी द्वेष करत नाही. त्याने ट्रॅक्टर मागितलेला नाही.

तर यंदा मी यात्रेत गेलो. घाटात सेन्सर होते, दोन बाजूंना दोन, आणि मोठ्या पडद्यावर आकडा आपोआप उमटत होता. वाद नाही, टेबलाशी भांडण नाही. बारी संपली की लोक पडद्याकडे बघायचे, बैलाकडे नाही. मंडपाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत गुरुजी बसले होते. टोपी तीच, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. मी चहा आणून दिला आणि शेजारी बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलंच, "गुरुजी, शहाण्णव साली आमच्या तात्यांचा गाडा. तेरा सेकंद, दोन पॉइंट."

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायला. पडद्यावर कुणाचा तरी आकडा लागला, हलगी वाजायला लागली.

"त्या घड्याळाचं बटण फार जड होतं रे," ते म्हणाले. "पोरांच्या शर्यतीतपण अडायचं."