भाव लिहा, साक्याबद्दलही लिहा!

घरचा छोटा धंदा असला की कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींच्या वाट्याला एक काम हमखास येतं. 'तुझ्या त्या इन्स्टावर टाक ना काहीतरी!' मग तुम्ही एक झकास फोटो काढता, 'ऑर्डरसाठी डीएम करा' लिहिता आणि खाली वीसेक हॅशटॅग चिकटवता. मावशी, दोन काका आणि कट्ट्यावरचे चार जण लाइक करतात. तिसऱ्या दिवशी ती पोस्ट कुठे गेली, हे तुमचं तुम्हालाही शोधावं लागतं.

तर आज एका जुन्या, थोड्या आउट ऑफ फॅशन गोष्टीबद्दल बोलू. ब्लॉग. हो, ब्लॉगच. हसू नका.

रील आणि ब्लॉगमध्ये फरक काय? रील समोर येते, ब्लॉग शोधला जातो. रील पाहणारा माणूस बसमध्ये टाइमपास करत असतो. ब्लॉगवर येणाऱ्याने मात्र गुगलवर काहीतरी टाइप केलेलं असतं, म्हणजे त्याला काहीतरी हवंय किंवा कसली तरी शंका आहे. शिवाय रीलचं दुकान दुसऱ्याच्या जागेत थाटलेलं असतं. २९ जून २०२० च्या रात्री भारतात टिकटॉकवर बंदी जाहीर झाली आणि लाखो फॉलोअर्स जमवलेल्या लोकांचं सगळं खातंच हातातून गेलं. त्यांची चूक काय होती? काहीच नाही.

पण ब्लॉगवर लिहायचं काय? इथेच बहुतेकांची गाडी अडते. 'आमच्याविषयी', 'आमची परंपरा', 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास'. हे कोण वाचतं? तुम्ही स्वतः तरी वाचता का?

समजा, तुमच्या मामांची रत्नागिरीला किंवा देवगडला आंब्याची बाग आहे आणि पुण्या-मुंबईला पेट्या पाठवायचं काम तुमच्याकडे आहे. मागच्या सीझनचं व्हॉट्सअ‍ॅप उघडा. गिऱ्हाइकांनी काय विचारलंय? 'पेटीत किती डझन येतात?' 'मागच्या महिन्यात एवढा भाव होता, आता कमी कसा?' 'कार्बाइड लावलेला नाही ना?' 'खरा देवगड कशावरून?' 'तयार नाही झाला तर?' आणि सगळ्यात अवघड प्रश्न, 'साका निघाला तर पैसे परत देणार का?'

झालं. हे तुमचे पहिले सहा लेख. प्रत्येक लेखाचं नाव म्हणजे तो प्रश्नच, गिऱ्हाइकाच्या शब्दांत.

उत्तरंही घरातच पडलेली असतात. फळ मोठं असेल तर पेटीत चार-पाच डझन बसतात, लहान असेल तर सात-आठ. मार्चमध्ये माल कमी म्हणून भाव चढा, मे उजाडला की आवक वाढते आणि भाव उतरतो. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. मामा पेंढ्यात आढी लावतात आणि तिला दिवस लागतात, म्हणून 'आज सांगितलं, उद्या पिकलेला' असं जमत नाही. कच्चा आंबा फ्रिजमध्ये टाकला तर तो नीट पिकत नाही. साल जरा सुरकुतली म्हणून फेकू नका, तोच खरा खायचा दिवस. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अर्थ काय, हेही सांगा. मामांना यातलं सगळं ठाऊक असतं. फक्त त्यांनी ते कधी कुठे लिहिलेलं नसतं.

आणि साका? इथे मामा अडतील. 'हे कशाला लिहायचं? आपणच आपल्या मालाची बदनामी?' त्यांना पटवणं हे तुमचं खरं काम. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, हे हापूस खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पेटीमागे दोन पैसे कमी घेणाऱ्या चार विक्रेत्यांपैकी एकानेही तो शब्द उच्चारलेला नसताना तुम्ही सरळ लिहिलंत, 'साका निघू शकतो. निघाला तर फोटो पाठवा, आम्ही अमुक करू', तर गिऱ्हाईक कोणाकडे जाईल? अर्थात, लिहिलंय ते पाळावं लागेल. पाळणार नसाल तर लिहूच नका.

ही नुसती थिअरी नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात मार्कस शेरिडन नावाचा माणूस भागीदारांबरोबर घरोघरी फायबरग्लासचे पोहण्याचे तलाव बसवायचा. २००८ ची मंदी आली. पोहण्याच्या तलावावर पैसे घालायला कोणाला सुचणार? ऑर्डरी रद्द झाल्या, कंपनी बुडायच्या बेताला आली, जाहिरातीला पैसा उरला नाही. २००९ मध्ये त्याने एक साधी गोष्ट सुरू केली. गिऱ्हाइकांनी इतक्या वर्षांत जे जे विचारलं, त्याची उत्तरं एकेक करून ब्लॉगवर लिहायची. पहिल्या काही लेखांतच त्याने किमतीच्या प्रश्नाला हात घातला. त्या धंद्यात सगळे म्हणायचे, 'किंमत साइट बघून सांगू.' यानेही एक आकडा दिला नाही, पण किंमत कशामुळे वाढते, कशामुळे घटते आणि साधारण कुठून कुठपर्यंत जाते, ते उघड लिहिलं. त्या एका लेखामुळे लाखो डॉलरची कामं मिळाली, असा त्याचा हिशोब आहे. पुढे त्याने फायबरग्लासच्या तलावांचे तोटे लिहिले. एवढंच नाही, जवळच्या शहरातल्या चांगल्या तलाव-बांधकामवाल्यांची यादीही दिली. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची! त्या यादीत स्वतःचं नाव घातलंच नाही. लोक प्रतिस्पर्ध्यांची नावं शोधत यायचे आणि याच्याच साइटवर थांबायचे. कंपनी वाचली, वाढली, आणि नंतर स्वतः तलाव तयार करू लागली.

'ते अमेरिकेत ठीक आहे हो,' असं म्हणू नका. आपल्याकडे हे शंभर वर्षांपूर्वी झालंय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी पक्की समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली म्हणतात. म्हणजे अडचण मालाची नव्हती, मनातल्या शंकेची होती. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघायला लागलं, शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली. कारखान्याची खबरबात लोकांपर्यंत पोचवणारं ते पत्र पुढे मराठीतलं नामांकित मासिक 'किर्लोस्कर' झालं. त्याच्या पाठोपाठ १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आलं. नांगर-पंपवाल्यांच्या घरातून! आज ज्याला मार्केटिंगवाले 'कंटेंट' म्हणून मोठ्या फी लावून विकतात, ते तेव्हा वाडीतल्या छापखान्यात छापलं जात होतं.

आता एक खरं सांगायला हवं. प्रत्येक धंद्याला ब्लॉग लागत नाही. वडापावच्या गाडीला काय करायचाय ब्लॉग? तिला गुगल मॅप्सवर बरोबर पत्ता, वेळ आणि गरम तेल पुरे. जिथे माणूस घ्यायच्या आधी विचार करतो, घाबरतो, फसायला नको म्हणतो, तिथे लिहिण्याचा उपयोग. पैठणीचंच बघा. एवढे पैसे मोजायचे, तर हातमागाची की यंत्रमागाची, ही धास्ती असतेच. येवल्याच्या एखाद्या विणकराच्या मुलीने चार फोटो टाकून दाखवलं, की हातमागाच्या पैठणीचा पदर उलट्या बाजूनेही तसाच दिसतो आणि नकलीच्या मागे सुटे धागे लोंबतात, तर तो लेख पुढची कित्येक लग्नसराई काम करत राहील. लग्नाचे फोटोग्राफर, घराला रंग देणारे, वॉटरप्रूफिंगवाले, सेंद्रिय हळदवाले, क्लासवाले, यांचंही तसंच.

लिहायचं मात्र तुमच्या घरच्या भाषेत. एआयला 'हापूसवर लेख दे' म्हटलंत की तो 'आंबा हा फळांचा राजा आहे' इथून सुरू करणार. पाचवीच्या निबंधात ते चालतं. त्याऐवजी मामांसमोर फोन रेकॉर्डिंगला लावा, एकच प्रश्न विचारा आणि त्यांना बोलू द्या. ते मध्येच मजुरीवर घसरतील, माकडांवर घसरतील, हवामानाला शिव्या घालतील. घसरू द्या. माकडांचा लेख कदाचित सगळ्यात जास्त वाचला जाईल. मग बसून उतरवून काढा, पाचशे शब्द पुष्कळ झाले. फोटो बागेतले, तुम्ही काढलेले; नेटवरून उचललेला एक फोटो सगळ्या सांगण्यावर पाणी फिरवतो.

खर्चाचं म्हणाल तर ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवर फुकटात सुरुवात होते. स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यायचा तर वर्षाला साधारण हजारेक रुपये. तेवढे मामांकडून काढा. पत्ता आपला असला की उद्या प्लॅटफॉर्म बदलला तरी लोक तिथेच येतात. वेळेचं गणित मात्र लक्षात ठेवा. गुगलला नवीन पान वर आणायला महिने लागू शकतात. आंबा विकायचाय एप्रिलमध्ये, तर लिखाण दिवाळीच्या सुट्टीत सुरू व्हायला हवं. जानेवारीच्या परीक्षांत खाडा होणार, हे धरूनच चला. आणि पहिले काही महिने आकडे बघून तोंड वाकडं करू नका, कारण ते आकडे म्हणजे बहुतेक तुम्ही आणि तुमची मावशी.

तेव्हाच गुगल सर्च कन्सोल जोडून ठेवा, तेही फुकट आहे. लोक काय टाइप करून तुमच्या पानापर्यंत आले, ते त्यात शब्दशः दिसतं. देवनागरीतही आणि इंग्रजी अक्षरांतल्या मराठीतही. मे महिन्यात त्या यादीत 'पेटीतले चार आंबे पिकलेच नाहीत, काय करायचं' असलं काहीतरी दिसलं, की पुढचा लेख ठरला. आईकडून मेथांब्याची रेसिपी तेवढी आधीच घेऊन ठेवा.